मायची झडप आणि माझा अभ्यासवर्ग

एकोणनव्वद वर्षांच्या माणसाला परीक्षेला बसवू नये, असा कायदा आपल्याकडे का नाही, हे मला कळत नाही. तो असता तर चौतीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीनंतर मी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात, भर दुपारी, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली नसती. पण गोष्ट शिट्टीपासून सांगायला घेतली तर तुमचा माझ्याविषयी गैरसमज होईल. म्हणून ती झडपेपासूनच सांगतो.

झडप माझ्या आईची. तिचं नाव सिंधूताई, पण नांदुऱ्यातली आमची अख्खी गल्ली तिला माय म्हणते. सहा महिन्यांपासून मायला दम लागत होता. आधी ओसरीपर्यंत जाताना लागायचा, मग न्हाणीपर्यंत, मग नुसतं बोलताना. वाक्य सुरू व्हायचं आणि मध्येच तिचा श्वास संपायचा. मग आम्ही घरातले ते वाक्य पूर्ण करून द्यायचो. "मले... जरासं..." असं ती म्हणाली की मी म्हणायचो, "पाणी?", सुवर्णा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "पांघरूण?", आणि माय हताश होऊन मान हलवायची. तिला दही पाहिजे असायचं. चुकीची वाक्यं पुरी करण्यात आम्ही दोघं फार पटाईत झालो होतो.

शेवटी तिला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टर पुष्पांजली मॅडम हृदयाच्या मोठ्या जाणकार, पण बोलायला एकदम साध्या. त्यांनी छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर झडप दाखवली. "हे दार आहे ना, ते फटीएवढंच उघडतंय," त्या म्हणाल्या. "औषधानं ते उघडणार नाही. नवीन झडप बसवावी लागेल. नाही बसवली तर खरं सांगते गुरुजी, पुढचा उन्हाळा अवघड आहे."

मी विचारलं, "पण ह्या वयात?"

"वय मी बघत नाही. साठीतली माणसं खंगलेली बघितलीत आणि नव्वदीतली काटक बघितलीत. आम्ही काटकपणा बघतो. तीन आठवड्यांनी आणा. थोडं चालवून बघू, खुर्चीवरून उठवून बघू, हाताची पकड बघू, लक्षात किती राहतं ते बघू. मग आमची सगळी मंडळी बसून ठरवतील, करायचं की नाही."

"एकूण गुण किती?" मी विचारलं.

मॅडम हसल्या. "अहो, परीक्षा नाही ती."

"तरी तयारी काय करून घेऊ?"

"काहीच नाही. त्यांना दमवू नका. जशा आहेत तशा आणा."

आता तुम्हीच सांगा. चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो, त्यातली अकरा मुख्याध्यापक. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना दरवर्षी मी हेच सांगायचो, की घाबरू नका, सहज म्हणून बसा. आणि सांगून झालं की त्याच दिवशी संध्याकाळी जादा तास लावायचो. तेव्हा परीक्षक 'तयारी करू नका' म्हणतो, त्याचा अर्थ मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

खरं कारण वेगळं होतं आणि ते कबूल करायला मला लाज वाटत नाही. परतीच्या गाडीत माय खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि मी शेगावपर्यंत तिचा पदर वरखाली होतो की नाही एवढंच बघत होतो. मला भयंकर भीती वाटत होती. भीती वाटली की मी वेळापत्रक आखतो. कोणी देवाला जातं, कोणी दारू पितं, मी पट्टी आणि लाल पेन घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी वेळापत्रक लागलं. विषय चार: चाल, खुर्ची, पकड, स्मरण. सुवर्णानं ते हातातली कढई खाली न ठेवता वाचलं. "आत्याबाई दहावीले बसून राह्यल्या काय?" तिनं विचारलं. मग तिनं माझ्याच लाल पेनानं खाली एक सूचना लिहिली: 'दिवसातून एकदाच. दमल्या की बंद.' ही सूचना घरात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालासारखी पाळली गेली, हे पुढं जे काही झालं त्याआधी नमूद करून ठेवतो.

बातमी फुटायला गल्लीत वेळ लागत नाही. सर्वांत आधी शेजारचे पंजाबराव आले. हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर भोंग्यावर गाड्या पुकारल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही आणि प्रत्येक गोष्टीत ते मार्ग बघतात. दारातूनच त्यांनी "जय भीम गुरुजी" म्हटलं, मी "राम राम" म्हटलं, आणि ते मुद्द्यावर आले.

"ऑपरेशन कुठून करून राह्यले?"

"मांडीतून."

"दुखनं छातीत, अन् वाट मांडीतून?"

"मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी वर नेतात. छाती फाडायची गरज पडत नाही."

पंजाबरावांनी हवेत बोटानं मार्ग आखून पाहिला. "गुरुजी," ते म्हणाले, "हे तं नागपूरले जायासाठी नांदुऱ्याहून उलटी भुसावयची गाडी पकडनं झालं." आणि मग आवाज खाली आणून, म्हणजे चार घरांनाच ऐकू जाईल असा करून, ते म्हणाले, "एकोननव्वद वर्सं झाले. आता काऊन छेडता? चालते तवरिक चालू द्या."

आत खाटेवर पडलेल्या मायनं हे ऐकलं. "त्याले... इचार..." ती म्हणाली, "त्यानं... औंदा... दात..." आणि श्वास संपला.

"...नवीन काऊन बसवले?" मी वाक्य पुरं केलं. माय मान डोलावून हसली. ह्या एका वाक्यात मला पैकीच्या पैकी पडले. पंजाबरावांनी तोंड मिटलं आणि त्या दिवसापासून ते ऑपरेशनच्या बाजूनं झाले.

चाल ह्या विषयासाठी मी किसनरावांना बोलावलं. किसनराव क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाले, पण शिट्टी अजून गळ्यातच असते. पुण्याहून माझ्या मुलानं, धम्मदीपनं, मोबाइलवर शोधून कळवलं होतं, की पाच मीटर अंतर सहा सेकंदांत चालून गेलं तर माणूस काटक धरतात. हे ऐकताच किसनरावांच्या अंगात तालुका क्रीडास्पर्धा संचारल्या. टेप आणला, पाटीभर चुन्याची फक्की आणली आणि आमच्या घरासमोर गल्लीत पाच मीटरची पट्टी आखली. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण हात शिवशिवत होते. त्यांनी दोन्ही बाजूंना समांतर रेषा मारल्या, बाण काढले आणि आमच्या ओट्याच्या कोपऱ्यापासून गल्लीच्या टोकाच्या नळापर्यंत एक लांबलचक तिरपी रेषा ओढली. तिचा उपयोग त्यांनाही सांगता आला नाही.

माय पदर खोचून प्रारंभरेषेवर उभी राहिली. एका हाताला सुवर्णा, पण न धरता. "माय, शिट्टीशिवाय पाय उचलाचा नाही," किसनरावांनी बजावलं. शिट्टी वाजली. माय चालू लागली. तिसऱ्या मीटरवर समोरून भाजीवाली आली. माय थांबली आणि तिला सुनेची तब्येत विचारू लागली. म्हणजे तिनं 'सून' म्हटलं आणि पुढचं भाजीवालीनं समजून घेतलं. एकूण वेळ बावीस सेकंद.

"सिंधूमाय, शर्यतीत थांबून बोलाचं नसते!" किसनराव कळवळून म्हणाले.

"मंग... चालाचं... कायले?" माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत शुकशुकाट. दूधवाल्याकडून कळलं, की रात्रीतून रेषा बघून सगळ्यांनी निष्कर्ष काढला होता: रस्ता रुंद होणार. तिरपी रेषा ज्यांच्या ओट्यावरून जात होती ती सहा घरं नगर परिषदेत जाऊन बसली होती. बारा वाजता तिथला एक तरुण लिपिक टेप घेऊन आला. बिचारा नम्र होता. पण विनापरवाना आखणी कोणी केली, ह्याचा लेखी खुलासा त्याला हवा होता. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांकडून खुलासे घेतले, त्याला स्वतःच्या ओट्यावर बसून खुलासा लिहावा लागला, आणि तोही गल्लीतल्या बायका खांद्यावरून वाचत असताना. मी लिहिलं: 'सदर आखणी रस्ता रुंदीकरणाबाबत नसून माझ्या मातोश्रींच्या हृदयाच्या झडपेबाबत आहे. तरी क्षमस्व.'

लिपिकानं तो दोनदा वाचला. "साहेब, हे कोनत्या फायलीत लावू?" त्यानं विचारलं. मला तरी काय माहीत.

खुर्ची ह्या विषयात हात न टेकता पाच वेळा उठायचं होतं. अडचण अशी की माय जन्मात खुर्चीवर बसत नाही. ती भुईवर बसते आणि खुर्चीवर आम्ही धुतलेले कपडे ठेवतो. मी प्लॅस्टिकची खुर्ची रिकामी करून तिला बसवलं. ती एकदा नीट उठली. "आता बस," मी म्हटलं. ती भुईवर बसली. हे पाचदा झालं. खरं तर खुर्चीवरून उठण्यापेक्षा भुईवरून उठणं कितीतरी कठीण, आणि ते ती रोज दहा वेळा करत होती, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. अभ्यासक्रमात खुर्ची होती, म्हणून मी खुर्चीच धरून बसलो.

पकडीची तालीम पहिल्याच दिवशी बंद केली. मायनं पन्नास वर्षं कापूस वेचला आहे. मी म्हटलं, "माय, माझं मनगट धर बरं जोरात." पुढचे दोन दिवस मी डाव्या हातानं जेवलो.

राहिलं स्मरण. आणि इथं माझा पाय घसरला.

उंद्रीचा इंद्रभान हा माझा जुना विद्यार्थी. सातवीत मी त्याला मोज्यात चिठ्ठी लपवताना पकडलं होतं आणि शाळेसमोर उभं करून नीतिमत्तेवर वीस मिनिटं बोललो होतो. आता तो सोयाबीनचा व्यापार करतो, त्याचं बरं चाललंय. त्याच्या वडलांची हीच झडप, हाच दवाखाना, गेली दिवाळी. त्याला कुठून तरी कळलं आणि त्याचा फोन आला. चौकशी झाली, आणि मग त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"गुरुजी, पेपर पायजे काय?"

"कोणता पेपर?"

"आठवनीचा. तीन शब्द सांगतात, पाच मिन्टानं परत इचारतात. बाबाले जे इचारले ते माह्या ध्यानात हायेत."

मी फोन ठेवायला पाहिजे होता. माझ्या डोळ्यांसमोर तो मोजा आला, ते वीस मिनिटांचं भाषणही आलं. पण आत मायचा श्वास घरघरत होता आणि तो मला फोनपेक्षा मोठा ऐकू येत होता. मी मनाची समजूत घातली, की ह्याला पेपरफुटी म्हणत नाहीत, मार्गदर्शन म्हणतात. मागील वर्षाची प्रश्नपत्रिका तर शासनच छापतं. मी पेन काढलं. "सांग," मी म्हटलं.

शब्द होते पोपट, चावी, गाजर.

त्यानंतरचे दहा दिवस आमच्या घरात दुसरं काही बोललं गेलं नाही. स्मरणाला उठबस नसल्यामुळे 'दिवसातून एकदाच' ही सूचना त्याला सुवर्णानंही लावली नाही. चहा देताना मी विचारायचो, "माय, तीन शब्द?" "पोपट... चावी... गाजर." गोळी देताना, "तीन शब्द?" "पोपट, चावी, गाजर." सुवर्णा कणिक मळताना आपोआप पुटपुटायला लागली. पंजाबराव सकाळी दारातून जाताना 'जय भीम'च्या ऐवजी "पोपट चावी गाजर, गुरुजी!" असं भोंग्याच्या आवाजात पुकारायचे आणि आतून माय हात वर करायची. मी मायला बजावून ठेवलं, "तिथं डॉक्टरबाई तीन शब्द विचारतील. काहीही झालं तरी हेच तीन सांगायचे. ह्याच्यावर पुष्कळ अवलंबून आहे." माय माझ्याकडे बघत राहिली. ती काहीतरी म्हणणार होती, पण दमामुळे असेल, तिनं नुसती मान हलवली.

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही चौघं नागपूरला निघालो. मी, माय, सुवर्णा, आणि 'तुमाले गाड्यांतलं काय समजते' म्हणत पंजाबराव. दवाखान्याच्या दारातच पहिला खटका उडाला. तिथल्या माणसानं चाकाची खुर्ची पुढं केली. मी म्हटलं, "नको. चालत येतील." परीक्षकाच्या नजरेला विद्यार्थी पहिल्यांदा चाकाच्या खुर्चीत पडू नये, एवढीच माझी इच्छा. सुवर्णानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. माय खुर्चीतून आत गेली.

वर लांब बोळीत जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. किसनरावांची फक्की त्यांच्यापेक्षा सरळ होती, हे मी मनात नोंदवलं. पुष्पांजली मॅडम हातात घड्याळ घेऊन उभ्या, बाजूला दोन शिकाऊ डॉक्टर. "चला आजी," त्या म्हणाल्या.

माय हलली नाही.

"आजी, या ना माझ्याकडे."

माय शांतपणे समोर बघत उभी. मॅडमच्या कपाळावर बारीकशी आठी आली. एक शिकाऊ डॉक्टर वहीत काहीतरी लिहू लागला. मी जवळ जाऊन कुजबुजलो, "माय, चाल ना."

"शिट्टी... कुठं... वाजली?" माय म्हणाली.

किसनराव नांदुऱ्यात होते. मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि दोन बोटं तोंडात घातली. आमच्या लहानपणी पिंपळगाव राजाच्या रानात ढोरं वळवताना मारायचो, तशी शिट्टी निघाली. बोळीतली सगळी दारं उघडली. रखवालदार धावत आला. पण माय निघाली होती, आणि कोणी भाजीवाली वाटेत न भेटल्यामुळे साडेसात सेकंदांत पलीकडं पोचली. तिथल्या बाकावर बसून धापा टाकत तिनं मॅडमला खूण केली, की झालं. रखवालदाराला पंजाबरावांनी आवरलं. म्हणजे ते त्याच्याशी हळू बोलायला गेले आणि बोळीतल्या उरलेल्यांनाही प्रकरण समजलं.

"अशा झडपेवर साडेसात म्हणजे पुष्कळ झाले," मॅडम म्हणाल्या. खुर्चीवरून माय चारदा उठली. पकडीच्या यंत्राचा काटा बघून शिकाऊ डॉक्टरनं यंत्र झटकून पाहिलं. माझी छाती फुगत चालली. मग आतल्या खोलीत बसवून मॅडमनी मायला सांगितलं, "आजी, तीन शब्द देते. लक्षात ठेवा. डोंगर, साखर, दिवा."

मी खुर्चीवरून अर्धवट उठलो. पेपर बदलला होता! मी मायकडे बघून डोळे मोठे केले, मान हलवली, पण मॅडम मधे आल्या. पाच मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग त्यांनी विचारलं, "आजी, मघाचे तीन शब्द?"

"पोपट," माय ठासून म्हणाली. "चावी. गाजर."

"नीट आठवा बरं."

"पोपट, चावी, गाजर."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, हे जरा काळजीचं आहे. शब्द विसरणं वेगळं. ह्या ठामपणे दुसरंच सांगताहेत. अशा वेळी ऑपरेशननंतर गोंधळ वाढू शकतो. मला मंडळींपुढे हे ठेवावं लागेल. कदाचित ते नको म्हणतील."

माणसाची अब्रू किती मोठी असते आणि ती किती लहान होऊ शकते, ते मला त्या मिनिटात कळलं. समोर दोन पोरसवदा डॉक्टर, मागं पंजाबराव, आणि ते ऐकतील ते गल्ली ऐकणार. मी खुर्ची मागं सारून उभा राहिलो. हात आपोआप पाठीमागं गेले, जसे कार्यालयात आणलेल्या पोरांचे जायचे.

"मॅडम," मी म्हणालो, "ती विसरली नाही. मी पेपर फोडला. जुने शब्द मिळवून दहा दिवस तिच्याकडून घोकून घेतले. चूक माझी आहे. तिला नापास करू नका."

एक शिकाऊ डॉक्टर खिडकीकडं वळला. त्याचे खांदे हलत होते.

मॅडमनी विचारलं, "गुरुजी, तुम्ही कोणता विषय शिकवत होता?"

"गणित," मी म्हणालो. "आणि मूल्यशिक्षण."

मॅडम मायसमोर खाली वाकल्या. "आजी, मी दिलेले शब्द तुमच्या लक्षात होते का?"

"हाव," माय म्हणाली. "डोंगर. साखर. दिवा."

"मग सांगितले का नाहीत?"

माय थांबून थांबून बोलली, आणि ह्या वेळी मध्ये कोणीच बोललं नाही. "माह्या पोरानं... सांगतलं व्हतं... काई झालं तरी... तेच सांगजो. तो... हेडमास्तर हाये. चार लोकात... त्याचं... खोटं कसं... पाडू?"

मी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत राहिलो. पंजाबरावही नाक ओढत होते, आणि त्यांचं नाक ओढणंही दूरवर ऐकू जातं.

"म्हणजे तीनच्या जागी सहा शब्द लक्षात आहेत," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वहीतलं काहीतरी खोडलं. "आता एक शेवटचं. हे कोणी पढवलेलं नको. आजी, हे ऑपरेशन तुम्हाला कशासाठी पाहिजे?"

मी सवयीनं तोंड उघडलं. "तिला नातवाचं..." मॅडमनी हात वर केला.

"मले..." माय म्हणाली, "जावेसंग... भांडाचं हाये."

ही जाऊ म्हणजे आमची आशाबाई काकी. पिंपळगाव राजाला असते, वय चौऱ्याऐंशी. दर रविवारी दोघींचा फोन होतो, आणि चाळीस वर्षांपूर्वी प्रेमानंदाच्या, म्हणजे माझ्या, लग्नात वरण कोणामुळं कमी पडलं ह्यावर दोघी भांडतात. आम्ही ते रेडिओसारखं ऐकून सोडून देत होतो.

"सहा मयन्यापासून..." माय म्हणाली, "मी बोलाले लागली का... दम संपते. तिचंच... खरं होऊन राह्यलं. बाजू... माही... खरी हाये." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले... येक वाक्य... पुरं... बोलता आलं पायजे."

सहा महिने आम्ही दोघं नवरा-बायको तिची वाक्यं पुरी करत होतो. पाणी, पांघरूण, दही. हे वाक्य आमच्या दोघांच्याही मनात कधी आलं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं, की मी तिथंच तिचा हात धरून बसलो.

मंडळींनी होकार दिला. गुरुवारी झडप बसली. पंजाबराव बाहेरच्या बाकावर "आता मांडीतून सुटली असन... आता पोटापाशी... आता वर लागली" असं दीड तास मार्ग पुकारत होते आणि मी त्यांना एकदाही गप्प करू शकलो नाही, कारण त्या आवाजाचाच मला आधार होता. मॅडम बाहेर आल्या, त्या हसतच होत्या. माय अर्धवट जागी होती म्हणे, आणि मधेच तिनं विचारलं होतं, "पोचले काय?"

रविवारी सकाळी ती उशीला टेकून बसली होती. गालांवर रंग दिसत होता. तिनं हात पुढं केला. मी विचारलं, "पाणी?" सुवर्णानं तिच्या हातात फोन ठेवला. सुवर्णाला बरोबर कळलं होतं.

पलीकडून काकीचा आवाज आला, "कशी हायेस बाई?" मायनं छातीवर हात ठेवला, श्वास भरून घेतला आणि सुरुवात केली.

"आशा, आता तू आयक, प्रेमानंदाच्या लग्नात वरण काऊन पुरलं नाही ते तुले सांगतो, म्या सकाऊन दीडशे मानसाची डाय शिजवली व्हती, तुह्या माहेरचे अठ्ठावीस मानसं न सांगता जेवाले बसले, तेवा तू चुलीमागं जाऊन त्याच्यात दोन गडवे पानी ओतलं हे माह्या डोयानं पाह्यलं, तरी चार पाव्हन्यात घरची इज्जत जाऊ नये म्हनून म्या तोंडावर पदर घेतला, अन् तू मले सहा मयन्यापासून सांगून राह्यली का डाय म्या कमी टाकली!"

मी तिच्या छातीकडं बघत होतो. कुठं थांबते, कुठं अडते, ह्याची वाट पाहत होतो. ती थांबली नाही. वाक्य संपलं ते तिला संपवायचं होतं म्हणून संपलं.

मग काकी बोलली, पण भांडणाच्या आवाजात नाही. "बाई," ती म्हणाली, "सहा मयन्यापासून म्या येकटीच भांडून राह्यली व्हती. काई मजा नव्हती वो."

"ते राहू दे," माय म्हणाली. "पानी ओतलं का नाही?"

"ओतलं. पन येकच गडवा."

"दोन."

"येक!"

"दोन, आशा! म्या मोजले!"

आवाज बाहेर गेला असावा. नर्सबाई लगबगीनं आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आजींना एवढं बोलू देऊ नका." चौतीस वर्षं मी वर्गावर 'गप्प बसा' हेच सांगत आलो. मी दारात आडवा उभा राहिलो आणि हात जोडून म्हणालो, "बाई, बोलू द्या."